हिरव्या ठिपक्यांची रांग

नवीन स्टार्टअप काढणारी पोरं ज्या भाड्याच्या मोठ्या हॉलमध्ये एकेक टेबल घेऊन बसतात, तिथे त्याला सगळे मास्तर म्हणतात. दर मंगळवारी तो त्यांना सल्ला देतो, आणि सल्ला एकच. "पहिलं गिऱ्हाईक घरचं धरू नका. धरलंच, तर त्याला विचारू नका. शेजारी बसा आणि बघा." पोरं माना डोलावतात, लिहून घेतात आणि संध्याकाळी मावशीला फोन लावतात, कसं वाटलं गं माझं ॲप? मावशी काय सांगणार, कपाळ? आपला तो बाब्या.

मास्तरला हे शहाणपण पुस्तकातून आलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी त्यानं चांगली नोकरी सोडून गोळ्यांची डबी बनवली. सकाळ-संध्याकाळचे कप्पे आणि वर एक बटण. म्हाताऱ्या माणसानं गोळी घेऊन बटण दाबलं, की दूर राहणाऱ्या लेकाच्या फोनवर हिरवा ठिपका. पहिली डबी आईला दिली. आई दुसऱ्या गावी ताईजवळ राहायची, आणि बीपीचं दुखणं तिचं जुनं.

नव्वद दिवस, एकशेऐंशी ठिपके, एकही लाल नाही. हा पठ्ठ्या ती रांग गुंतवणूकदारांना दाखवत सुटला. त्यांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हाही चढला. रात्री आईला फोन करून म्हणायचा, "आई, तुझ्या जिवावर कंपनी उभी आहे बरं का. चुकू नकोस." आई हसायची.

ताईनं एकदा सांगितलं होतं, "गोळीनं चक्कर येते म्हणते रे. दोन दिवस येऊन राहा, बघ तरी."

"घेते ना वेळेवर? मला इथे दिसतंय सगळं," तो म्हणाला. "मोठं प्रेझेंटेशन झालं की येतो."

उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय.

प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी आई बाथरूमच्या दारात कोसळली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तो धावत दवाखान्यात पोचला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या नियमित होत्या?" त्यानं फोन पुढे केला. अशा वेळीसुद्धा त्या रांगेचा त्याला थोडा अभिमान वाटला, आणि त्याबद्दल त्यानं स्वतःला अजून माफ केलेलं नाही. बाईंनी ठिपके पाहिले, आईचा कागद पाहिला. "हे बीपी गोळ्या घेणाऱ्या माणसाचं नाही," त्या म्हणाल्या.

घरी ताईनं आईच्या शिलाई मशीनचा खण ओढला. दोऱ्याच्या रिळांखाली गोळ्याच गोळ्या.

"इतक्या असतील असं मला वाटलं नव्हतं," ताई म्हणाली. "एकदा पकडलं मी तिला. रागावले. तर म्हणते, बटण दाबलंय मी, त्याचं काम अडायला नको. तुला ये म्हटलं, ते उगाच नव्हतं."

गिऱ्हाईक म्हणून त्यानं आईला निवडलं, आणि आईनं आईसारखंच केलं.

कंपनी त्यानं बंद केली. गुंतवणूकदार हळहळले, आकडे किती छान होते म्हणाले. मेल्यांना एवढंच दिसलं.

आता आई त्याच्याकडे असते. रोज सकाळी तो स्वतः गोळी तिच्या जिभेवर ठेवतो, पाणी पाजतो, मग तोंड उघडायला लावून जिभेखाली बघतो. आई सगळं ऐकते. तोंड मिटलं की ती डावा अंगठा चादरीवर हळूच दाबते आणि त्याच्याकडे बघत राहते.

"हिरवा आला, आई," तो म्हणतो. तेव्हा कुठे ती डोळे मिटते.