पंचनाम्यात नसलेले झाकण

तो पंचनामा मला आजही ओळ न् ओळ आठवतो. वार सोमवार, जुलैचा दुसरा आठवडा, दुपारचे साडेतीन. हजर मी, आमचे हवालदार आणि दोन पंच, एक चहावाले व एक लॉजचे मॅनेजर. मुद्देमाल: एक डिजिटल कॅमेरा व लेन्स, किंमत अंदाजे दोन लाख पासष्ट हजार रुपये. समोर उभा होता कुरवंड्याचा पस्तिशीतला एक माणूस. पर्यटकांना नागफणीच्या कड्यावर नेणारा आणि मक्याची कणसं विकणारा वाटाड्या.

आदल्या दिवशी भुशी धरणावर एका पर्यटकाचा याच मॉडेलचा कॅमेरा चोरीला गेला होता. सोमवारी सकाळी खबऱ्याचा फोन आला, "साहेब, कुरवंड्यात एकाच्या गळ्यात लय मोठा कॅमेरा हाय." तासाभरात तो माणूस ठाण्यात बसला होता.

"मक्याची कणसं विकून विमान घेतलंस होय रे?" हवालदारांनी सुरुवात केली.

"सात वर्षं साठवलं, भाऊ. देहूरोडच्या एका फोटोवाल्याकडनं जुना घेतला. आता लग्नाची कामं धरणार. तुळशीच्या लग्नानंतर पहिलंच काम हाय, इसारबी घेतलाय."

"बिल?"

"जुन्या वस्तूचं कोण बिल देतं, साहेब?"

विकणाऱ्याचा फोन बंद लागला. मी कॅमेरा हातात घेतला. धातूची भक्कम बॉडी, मुठीला जाड रबर, दोन मेमरी कार्डांच्या खाचा, प्रत्येक झडपेला कडेने रबरी पट्टी. उलटा केला, तर तळाचं लेबल पार पुसलेलं.

"नंबर खरवडलास," मी म्हणालो.

"न्हाई साहेब, ट्रायपॉडची पट्टी घासून झिजलंय त्ये."

चासी नंबर घासलेला असला की गाडी चोरीची, हे मी नोकरीभर पाहत आलो होतो. कॅमेऱ्यालाही तेच माप लावलं. संध्याकाळी त्याला घरी सोडलं, पण त्याआधी कॅमेरा जप्त केला.

आमच्याकडे प्रत्येक वस्तूचं पाकीट वेगळं, लेबल वेगळं. पंचनाम्यात कॅमेरा आणि लेन्स अशा दोन वस्तू होत्या, म्हणून मी लेन्स फिरवून काढली. बॉडीचं तोंड उघडं पडलं आणि आतला चकचकीत सेन्सर दिसला. तो माणूस बाकावरून उठलाच. खिशातून त्याने काळं, गोल झाकण काढलं.

"साहेब, ह्ये तेवढं लावा. लेन्स असली तर ह्यो पावसातबी चालतो. उघडा ऱ्हायला तर दमट हवेनं मरंल."

पंचांच्या सह्या झाल्या होत्या. यादीत झाकण नव्हतं.

"पंचनाम्यात नाही ते पाकिटात जाणार नाही," मी म्हणालो. कापड, दोरा, लाख. पावसाळ्यात ज्या खोलीत रजिस्टरंसुद्धा फुगतात, तिथे ते पाकीट गेलं.

ऑगस्टच्या अखेरीस एक स्टुडिओवाले ओळखपत्रांचे फोटो काढायला ठाण्यात आले. त्यांच्या हातात तेच मॉडेल होतं. मी सहज विषय काढला. त्यांनी मागचा स्क्रीन बोटाने बाहेर ओढला. त्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांत नंबर होता.

"याचा नंबर इथं असतो, साहेब. तळाला नुसतं कंपनीचं लेबल."

स्क्रीन बाहेर येतो हे मला माहीत नव्हतं. नंबर तिथे असतो हे त्या वाटाड्यालाही माहीत नसावं, नाहीतर पहिल्याच दिवशी दाखवला असता. अर्ज, तारीख, कोर्टाची परवानगी यांत दसरा आला. पंचांसमोर आणि त्या वाटाड्यासमोर पाकीट फोडलं. नंबर फिर्यादी पर्यटकाच्या बिलाशी जुळला नाही. कॅमेरा त्या माणसाचाच होता.

सेन्सरवर बुरशीचे पांढरे धागे पसरले होते, लेन्स जोडायची पितळी टोकं हिरवी पडली होती. त्याने बॅटरी घातली, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काही नाही. मग खिशातून तेच झाकण काढून त्याने बॉडीला लावलं.

"आता लावून काय उपयोग?" हवालदार हळूच म्हणाले.

"सवय हाय, भाऊ."

मी त्याच्यावर हात उगारला नव्हता, कागद एकही चुकवला नव्हता. वरिष्ठांनी फाईल तपासली तेव्हा शेरा मारण्यासारखं त्यांना काही सापडलं नाही. हेच मला जास्त लागतं. त्या दिवशी ठाण्यात वस्तूची माहिती असलेला माणूस एकच होता, आणि मी त्यालाच गप्प बसवलं. पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक जप्तीच्या वेळी, समोरचा आरोपी असला तरी, 'ही वस्तू कशी ठेवायची?' हे मी विचारत असे आणि उत्तर पंचनाम्यात लिहीत असे. त्याचा उपयोग दुसऱ्यांना झाला.

पुण्याच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं, आतला बोर्ड गेला. सुट्या भागांसाठी बॉडी आणि लेन्स मिळून अठरा हजारांना गेली. हे कळल्यावर मी वीस हजार रुपये पाकिटात घालून कुरवंड्याला गेलो. त्याने चहा दिला, पाकिटाकडे पाहिलं आणि ते माझ्याकडे सरकवलं.

"पंचनाम्यात न्हाई त्ये मी कसं घेऊ, साहेब?"

मी वीस हजार घेऊन परत आलो. त्या अठरा हजारांतले पंधरा हजार त्याने इसारापोटी लग्नघरी परत केले होते. या प्रकरणात भरपाई म्हणून कोणी कोणाला दिलेले पैसे तेवढेच, आणि तेही त्यानेच दिलेले.