कढई न चढवता केलेल्या करंज्या

आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्षभर कढई चढवत नाहीत. सण आला तरी तळण नाही. गोडधोड शेजारपाजारचे आणि नातलग आणून देतात. नियम चांगला आहे, पण तो केला तेव्हा इथं दक्षिणेत, राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी घरं भरपूर असावीत. आता तीन उरली आहेत, आणि त्यांतल्या एकाला कुलूप आहे.

बाबा गेले त्याला दिवाळीत सात महिने झाले. त्या सात महिन्यांत आईने गोडाचा कण तोंडात घातला नव्हता. पायसम वाटीत तसंच राही. तिची ब्लाउजं खांद्यावरून घसरायला लागली होती. काही म्हटलं की एकच उत्तर, "मज नको. वर्ष सरू दे." मला तिची काळजी वाटत होती आणि तितकाच रागही येत होता. खाऊ नये असं नियमात कुठे आहे?

मी ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत तीस वर्षं फायली वाचते आहे. नियम वाचायचा आणि त्यात काय लिहिलेलं नाही ते शोधायचं, हीच माझी रोजीरोटी. कढई चढवायची नाही, तेल तापवायचं नाही, एवढंच ना? आमच्याकडे एअर फ्रायर होता. डॉक्टरांनी बाबांचं तेल बंद केलं तेव्हा मी आणलेला. बाबांनी त्याला 'केस वाळवायचं यंत्र' असं नाव ठेवलं आणि त्यातलं काही खायला साफ नकार दिला. करंजी कढईतलीच हवी, आणि पहिली त्यांनीच उभ्या उभ्या खायची. खाल्ली की दरवर्षी म्हणायचे, "मीठ विसरलीस." आई कधीच विसरत नसे. तरी पन्नास वर्षं ती न चुकता चिडायची.

दिवाळीच्या सकाळी मी मैदा आणि थोडा रवा घेऊन पातळ तुपाचं मोहन घातलं, चिमूटभर मीठ टाकलं, पीठ भिजवून झाकून ठेवलं. सारण आमच्याकडे डाळ्याच्या पिठाचं असतं. त्यात पिठीसाखर, खोबरं, वेलची. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची घेऊन बसली. "तू कर. मी खायची नाही," असं तिने आधीच सांगून टाकलं.

पहिला घाणा फसला. आतल्या गरम वाऱ्याने कडा वाळल्या, करंज्यांनी तोंडं उघडली आणि सारण जाळीभर उडालं. मी यंत्राला, मैद्याला आणि स्वतःला शिव्या घातल्या. आईने वाकून जाळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "कातण ठेव ते बाजूला. कडेस दूध लाव, हातानं मुरड घाल. वरनं तूप पूस." मी तसं केलं. बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. दुसरा घाणा बदामी रंगाचा आणि खुसखुशीत निघाला. आईने ताटात डोकावून पाहिलं आणि पुन्हा खुर्चीत बसली.

तेवढ्यात आत्या आली. बाबांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची, पापनाशमहून बसने एकटीच आलेली. आमच्या घरातले सगळे नेमधर्म तिच्याच तोंडून निघतात. कढईचा नियमही बाबा गेल्यावर तिनेच बजावला होता. तिने ताटाकडे पाहिलं आणि माझा पारा आधीच चढला. "आत्या, कढई फळीवरच आहे. थेंबभर तेल तापवलेलं नाही," मी म्हणाले, कारणे दाखवा नोटिशीला उत्तर द्यावं तसं.

आत्याने पिशवीतून डबा काढून ताटाशेजारी ठेवला. त्यात तळलेल्या करंज्या होत्या. "माझ्या घरची कढई बंद नाही की," ती म्हणाली. "इथं तुम्हास कोण आणून देणार, म्हणून मीच आले." भांडायला कंबर कसून उभी होते, ती मी ओशाळले.

मग तिने आमच्या ताटातली एक करंजी उचलून आईपुढे धरली. आईने मान हलवली. "वर्ष सरू दे, अक्का."

"मी कढई बंद ठेवा म्हणाले. तुज तोंड बंद ठेव म्हणाले नाही," आत्या म्हणाली. "पहिली त्याची असायची. आज ती कोण खाणार? तूच खा."

आईने करंजी हातात घेतली. मग खुर्चीवरून उठली आणि उभ्यानेच एक घास चावला. कुरकुरीत आवाज मला ओट्यापाशी ऐकू आला. तिने सावकाश चावून गिळलं, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मीठ विसरलीस."

मीठ मी घातलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत घातलं होतं. मला रडू आवरेना.

"हो आई, विसरले," मी म्हणाले.