नाल्यातली पट्टी आणि धुणं

आसेगावच्या नाल्यात पाण्याची उंची मोजायला मी पट्टी रोवली होती. पाऊस नसतानाही तिथं रोज सकाळी पाणी चढायचं, आणि संगणकातलं माझं पाणलोटाचं मॉडेल काही केल्या त्याच्याशी जुळेना. वैतागून एका सकाळी मी काठावरच जाऊन बसले.

एक बाई आली. पट्टीच्या खालच्या अंगाला दगड रचून तिनं पाणी अडवलं, तसं ते पट्टीवर चढू लागलं, आणि ती निवांत धुणं आपटू लागली. मी कुरकुर केली, तर हसली.

"मॅडम, पाणी कोठी पयून राह्यलं? बसू द्या ना त्याले घडीभर!"

धुणं झाल्यावर खालच्या म्हशींना पाणी मिळावं म्हणून तिनं सगळे दगड काढून ठेवले.

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आता मॉडेलमध्ये रोज सकाळी एक बांध उभा राहतो, आणि आकडे जुळतात. बाजाराच्या दिवशी मात्र ती धुण्याला येत नाही, म्हणून त्या बांधाला सुट्टी असते.