अन्य शुल्क

रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यावर पहिल्या काही वर्षांत शहरात जेवढी कॉलेजं उघडली, त्या सगळ्यांच्या ऑफिसात माझे मामेसासरे निदान एकदा तरी बसून आले असतील, आणि त्यांतल्या एकाही ऑफिसला ते पुन्हा यावेत असं वाटलं नसेल. त्यांना स्वतःला काही शिकायचं नव्हतं. त्यांच्या घरातही शिकण्याच्या वयाचं कोणी उरलं नव्हतं. पण कुठे नवा फलक लागलेला दिसला, की धुतलेला पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची पँट आणि खिशाला पेन अशा थाटात ते सायकल बाहेर काढत आणि मामींना सांगत, "जरा फी विचारून येतो." दुसरा माणूस भाजीचा भाव ज्या सहजतेनं विचारून येईल, त्या सहजतेनं ते नर्सिंगची, फार्मसीची, हॉटेल मॅनेजमेंटची, झालंच तर फॅशन डिझायनिंगचीसुद्धा फी विचारून येत.

माझी नागपूरहून रायपूरला बदली झाली ती त्याच काळात. मामा चौबे कॉलनीत राहत होते, म्हणून बायकोनं आमचं भाड्याचं घरही तिथेच शोधलं. तेव्हा शहर रोज सकाळी नवं वाटायचं. लाल दिव्याच्या गाड्या धावू लागल्या होत्या, जुन्या शाळांच्या नि दवाखान्यांच्या इमारतींवर मोठमोठ्या खात्यांच्या पाट्या चढल्या होत्या, आणि साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, टायरच्या गोदामामागे, मंगल कार्यालयाच्या अर्ध्या भागात कॉलेजं निघत होती. मामांना या कॉलेजांच्या शिकवण्याबद्दल काही तक्रार नव्हती. त्यांचं भांडण होतं ते फीच्या कागदावरल्या शेवटच्या ओळीशी. तिथे बहुतेक ठिकाणी 'अन्य शुल्क' असं छापलेलं असे आणि त्याच्यापुढची जागा कोरी असे.

मामांची सगळी नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर गेली होती. त्यामुळे शिक्षणाकडेही ते मालगाडीच्या नजरेनंच बघत. मला एकदा त्यांनी समजावलं होतं, "जावईबापू, फी म्हंजे नुसतं भाडं हाय. चढवायचं वेगळं, उतरवायचं वेगळं. आन् डबा धक्क्यावर उभा राहिला का मंग डॅमरेज सुरू. थे डॅमरेज किती, हे कोणी सांगूनच नाई राहिलं." डॅमरेज म्हणजे डबा अडून राहिल्याचा दंड; कॉलेजात तो म्हणजे परीक्षा शुल्क, गणवेश, ॲप्रन, प्रयोगशाळा, बस, ओळखपत्र आणि 'विकास शुल्क'. या शेवटच्यावर त्यांचा विशेष राग. विकास कोणाचा, हा प्रश्न त्यांनी किती कॅशियरना विचारला असेल याची गणती नाही. एका कॅशियरनं त्यांना दुरून येताना पाहिलं की खिडकीवर 'लंच' अशी पाटी लावायला सुरुवात केली होती. मामा मग जेवण होईस्तोवर बाकावर बसून राहत.

बरं, हा माणूस दर वेळी फायद्याचाच ठरे असंही नाही. माझ्या धाकट्या मेव्हण्याला हॉटेल मॅनेजमेंटला जायचं होतं. मामांनी त्याला घेऊन कॉलेजं पालथी घातली. इथली फी, तिथलं वसतिगृह, कुठल्या बँकेचं कर्ज, कर्जाचं व्याज शिकत असताना चढतं की नंतर, या सगळ्याचा छडा लावला. अखेर सगळं मनासारखं कळलं, तेव्हा सगळीकडच्या प्रवेशाची तारीख उलटून गेली होती. मेव्हणा बी.ए.ला बसला. आमच्याकडे कोणी बी.ए. म्हणालं तरी मामी विषय बदलत. मामा मात्र शांतपणे सांगत, "पोट्टा फसला तं नाई ना."

शिष्यवृत्ती हा त्यांचा दुसरा छंद. कोणत्या मुलाला कोणती मिळते, त्यासाठी उत्पन्नाचं 'आय प्रमाणपत्र' लागतं की रहिवासाचं 'मूळ निवासी', तहसील कार्यालयातला कोणता बाबू अर्ज घेतो आणि कोणता परत पाठवतो, हे ते भेटेल त्याला सांगत. लग्नात अक्षता पडायच्या आधी नवऱ्या मुलाच्या काकांना त्यांनी हे सांगितलेलं मी ऐकलं आहे. त्यांचं म्हणणं एकच होतं. सरकार पैसा देतं, पण कॉलेजला तो जुलैत हवा असतो नि सरकारला आठवण होते होळीच्या सुमारास. "या मधल्या महिन्यातच गरिबाचं पोट्टं घरी बसते, बाप्पा," ते म्हणत. हे म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नसे.

मामींचे ब्लाउज शिवणारी बाई गुढियारीत राहायची. तिचा नवरा बीरगावच्या एका कारखान्यात भट्टीवर होता, आणि त्या वर्षी तो कारखाना बंद पडला होता. मुलगी रेखा बारावी चांगली पास झाली होती. तिला एक्स-रे काढण्याचा डिप्लोमा करायचा होता. तो का, हे कोणाला कळेना. ती म्हणायची, लहानपणी पडली तेव्हा हाताचा फोटो काढला होता, तेव्हापासून तिला ती काळी काच आवडते. बाप म्हणत होता, आता हिचं लग्न लावून टाकू. आई मापं घ्यायला आली आणि बोलता बोलता मामींपुढे रडली. मामा आतल्या खोलीतून बाहेर आले ते शर्ट घालूनच.

या वेळी त्यांनी मागची चूक केली नाही. कॉलेज एकच निवडलं, त्याला मान्यता आहे ना हे सरकारी दफ्तरात जाऊन पाहिलं, आणि रेखाला रोज संध्याकाळी आपल्या व्हरांड्यात बोलावू लागले. ते स्वतः कॉलेजचे साहेब होत आणि ती प्रवेश मागणारी मुलगी. सुरुवातीला ती नुसती ओढणीचं टोक पिळत उभी राहायची. मामा तिला हिंदीतून दटावत की लाजून बोललीस तर फी वाढेल. बँकेत कर्जासाठीही तिला घेऊन गेले, पण तिथे बापाची पगाराची चिठ्ठी मागितली, आणि पगारच बंद असल्यानं तो रस्ता मिटला. उरली शिष्यवृत्ती, आणि ती येईपर्यंतचे ते मधले महिने.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी मी रजा काढून त्या दोघांबरोबर गेलो. संचालकांच्या खोलीत पंखा होता, मागे हार घातलेली तसबीर होती आणि संचालक घाईत होते. रेखाला मिनिटभर बोलू दिलं असतं तर बरं झालं असतं. पण समोर फीचा कागद आला, त्यावर ती शेवटची ओळ दिसली, आणि मामांना राहवलं नाही. ॲप्रन कोणत्या कापडाचं, ते बाहेर शिवून घेतलं तर चालेल का, परीक्षा शुल्क दोनदा का लिहिलं आहे, आणि विकास कोणाचा. संचालकांनी विचारलं, बाबूजी, आपण इन्स्पेक्टर आहात का? मामांनी प्रामाणिकपणे सांगितलं की नाही, रिटायर आहे. त्यावर संचालकांनी कागद ओढून घेतला, जागा भरल्या आहेत असं म्हणाले आणि शिपायाला बोलावून मामांना बाहेर पोचवायला सांगितलं.

मामा उठले. दारात त्यांनी एकदा रेखाकडे पाहिलं. मग खिशाचं पेन चाचपत ते शिपायामागोमाग बाहेर गेले.

मी संचालकांची माफी मागण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात रेखा उभी राहिली. तिच्या हातात ओढणीचं टोक नव्हतं. ती म्हणाली, "सर, मामाजी की बात का बुरा मत मानिए. मेरी स्कॉलरशिप का फॉर्म आपके ही कॉलेज से जाएगा, तो पैसा आएगा, ये आप भी जानते हैं. तब तक किस्त बाँध दीजिए. पहली किस्त मैं लाई हूँ. और हर किस्त की रसीद चाहिए."

संचालकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, हे सगळं कोणी शिकवलं? रेखानं दाराकडे बोट दाखवलं. ते हसले नाहीत, पण कागद पुन्हा पुढे आला. आईनं दोन बांगड्या मोडून आणलेले पैसे तिनं मोजून दिले आणि पावती घडी न घालता हातात धरली.

मामा बाहेर कडुनिंबाखाली सायकल स्टँडच्या कठड्यावर बसले होते. मला पाहून ते उभेही राहिले नाहीत. "गेली ना सीट? माह्याच तोंडानं गेली," असं म्हणून मान खाली घातली. मी काय झालं ते सांगितलं. त्यांना खरं वाटेना. रेखानं पावती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती पुढून वाचली, मागून पाहिली, आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "ॲप्रन इसी में है क्या?"

"हव मामाजी. पूछ ली हूँ."

त्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. येताना सायकल त्यांनी हातातच धरली आणि आम्हीही चालत निघालो. बऱ्याच अंतरावर गेल्यावर मला हळूच म्हणाले, "जावईबापू, मी आत असतो तं पोट्टी बोलली नसती." त्यांच्या आवाजात आनंद जास्त होता की दुसरं काही, ते मला ठरवता आलं नाही.

शिष्यवृत्ती आली, पण ती यायला एवढा उशीर झाला की मधल्या दोन हप्त्यांसाठी रेखानं आईबरोबर बसून ब्लाउजांना हुक लावले. डिप्लोमा झाल्यावर तिला भिलाईला नोकरी लागली. तिच्या वस्तीतल्या इतर मुली आता तिलाच विचारायला जाऊ लागल्या. मामांकडे येणाऱ्यांची संख्या हळूहळू कमी झाली. मग अर्ज संगणकावर गेले, खिडक्या बंद झाल्या, कॅशियर निवृत्त झाले. मामीही गेल्या. मामा संध्याकाळी व्हरांड्यात बसत, तेव्हा समोरची खुर्ची रिकामी असे.

गेल्या वर्षी आमच्या मुलीनं फिजिओथेरपीला प्रवेश घेतला. मामांना पेढा द्यायला गेलो तर त्यांनी विचारलं, फी कोणाला विचारली? मुलीनं हिंदीत सांगितलं की कोणालाच नाही, सगळं मोबाइलवरच झालं, पाच मिनिटांत. मामांनी पेढा हातात तसाच धरला. मग म्हणाले, "तरी एकदा जाऊन येऊ. काहून की कालेज कसं हाय थे पाहून घ्यावं मानसानं."

मी त्यांना नव्या रायपूरला मुलीच्या कॉलेजवर गाडीतून घेऊन गेलो. धुतलेला पांढरा शर्ट त्यांना आता खांद्यांवर सैल होत होता. इमारत सगळी काचेची, आत कुठे फी भरायची खिडकी नाही, समोर कोणी माणूस नाही. फाटकाशी एक पहारेकरी तेवढा होता. त्यानं मामांना उन्हात उभं राहिलेलं पाहिलं, आपली प्लास्टिकची खुर्ची सावलीत सरकवून दिली आणि अदबीनं विचारलं, "किसका एडमिशन है, बाबूजी?"

वर्ग सुटले होते. पाठीवर पिशव्या घेतलेली मुलं-मुली गलका करत बाहेर पडत होती. मामा खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत राहिले.

"सबका हो गया, भैया," ते म्हणाले.