फोन कुणाकडे द्यायचा?

नोकरीवर असताना किस्से साठतायत हे कळतच नाही. तेव्हा तो नुसता वैताग असतो! पुढं कधीतरी एक आठवतो, त्याच्यामागून दुसरा येतो, आणि चहा गार झाला तरी बोलणं संपत नाही. परवा माझं तसंच झालं, म्हणून म्हटलं, सांगूनच टाकावेत.

नगरला, नागापूर एमआयडीसीत, एका लहानशा कंपनीत मी होते. शेतकऱ्यांसाठी फोनवरची मदत, हे काम. फोन लावला की आधी मशीनमधली बाई बोलते, तुमचं ऐकून घेते आणि ठरवते की हे कुणाचं काम. तिच्यामागं पाच एआय एजंट. एक पिकांचा, एक जनावरांचा, एक हवामानाचा, एक पंप-मोटारींचा आणि एक सातबारा-योजनांचा. माझे वडील सोनईत सगळ्यांना सांगायचे, "पोरीच्या हाताखाली पाच एजंट हायेत." लोकांना वाटायचं, विम्याचे!

त्या बाईला जो फोन उमगायचा नाही, तो आमच्या खोलीत यायचा. आम्ही बोलायचं, आणि नंतर कॉम्प्युटरवर खूण करायची की हा खरा कुणाकडे जायला हवा होता. त्यातून बाई शिकायची.

खोलीत आम्ही तिघं. शबानाताई नगरच्याच. आधी एका दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होत्या. नुसत्या "हॅलो"वरून सांगायच्या, माणूस रागावलाय की घाबरलाय. दुसरा गोरख, मिरजगावचा, घरी डाळिंबाची बाग. आणि तिसरी मी.

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. कर्जतकडच्या एका मालकांचा फोन मशीनच्या बाईकडे गेला.

"माझ्या डाळिंबावर तेल्या रोग हाय."

"हाय! मी तुम्हाला काय मदत करू?"

"आवो, तेल्या हाय! सगळ्या बागंवर हाय!"

"हाय! तुमच्याशी बोलून आनंद झाला."

मालक एकदम खवळले. "हाय हाय कशाला करती बाई, बाग अजून जिती हाय माझी!"

"हाय!"

गोरखनं ही बाई बनवणाऱ्या पुण्याच्या इंजिनिअरसाहेबांना फोन लावला. "साहेब, आमच्याकडं 'हाय' म्हणजे 'आहे'. त्याला नमस्कार समजू नका."

साहेब म्हणाले, "मग त्यांना खरंच 'हाय' म्हणायचं असेल तर ते काय म्हणतात?"

"रामराम!"

शबानाताई मागून ओरडल्या, "किंवा सलाम! दोन्ही लिहून घ्या!"

*

एकदा नेवाशाकडच्या एका बाईंचा फोन आला. "लक्ष्मी दोन दिस झालं कायबी खात न्हाई. नुसती दाराकडं बघत उभी ऱ्हाती."

मशीनच्या बाईनं क्षणात ठरवलं आणि फोन जनावरांच्या एजंटकडे. तो बिचारा अगदी डॉक्टरसारखा विचारायला लागला. "रवंथ करते का? शेण पातळ आहे का?"

"आरं मुडद्या, सून हाय ती माझी!"

फोन आमच्याकडे आला तेव्हा गोरख टेबलावर डोकं ठेवून हसत होता. शबानाताईंनी मात्र हेडफोन घट्ट धरला.

"लग्नाला किती दिवस झाले, मावशी?"

"दिवाळीनंतरचं हाय."

"माहेर कुठलं तिचं?"

"लांब हाय. पार लातूरकडलं."

"दाराकडं बघते म्हणालात. दारातून काय दिसतं?"

मावशी म्हणाल्या, "यष्टी दिसती. मुक्कामाची."

"मग बसवा की तिला यष्टीत!"

आठ दिवसांनी मावशींचा परत फोन. सून माहेरी जाऊन आली होती आणि आता जेवत होती. पण मावशींचं काम वेगळंच होतं. "ती गेली तवा चार दिस मलाबी जेवान गेलं न्हाई. आता मी कुठं जाऊ? माझ्या माहेरात कुनी ऱ्हायलं न्हाई."

गोरख हसला नाही.

*

पुण्याचे साहेब एकदा आमच्याकडं आले होते. आमच्या खोलीत येणाऱ्या फोनची यादी बघून म्हणाले, "तुमचे लोक सरळ मुद्द्यावर का येत नाहीत? एका वाक्यात विषय सांगितला तर आमचं सगळं काम सोपं होईल."

शबानाताई म्हणाल्या, "साहेब, एका वाक्यात सांगता येण्यासारखं असतं तर शेजाऱ्याला नसतं का सांगितलं?"

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. त्याचं पुढं काय केलं, कळलं नाही.

*

हा किस्सा माझा. पाथर्डीकडून एक पोरगी बोलत होती, तिसरी-चौथीतली असेल. आजीचा मोबाईल घेऊन तिनं विचारलं होतं, "कोल्हापूरकडं लई पाऊस कदी हाय? ऊस हाय तितं."

ऊस आणि पाऊस ऐकून मशीनच्या बाईनं तिला पिकांच्या एजंटकडे दिलं. त्यानं सांगितलं, उसात पाणी साचू देऊ नका, चर काढा. पोरीनं परत फोन लावला. परत तेच. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडं आली.

"बाळा, ऊस तुमचा आहे का?"

"न्हाई. आय आन् दादा तोडाय गेल्यात."

"मग पाऊस कशाला पाहिजे?"

तिला माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं असावं. "आवो, पाऊस पडला की रानात गाडी जात न्हाई. मंग तोड बंद ऱ्हाती. गेल्या साली बंद हुती तवा आय येऊन गेल्ती घरी."

आमच्याकडं अख्खा जिल्हा फोन करून आपल्या शिवारात पाऊस कधी म्हणून विचारायचा. दुसऱ्याच्या रानावर पाऊस मागणारी ही एकटीच.

मी हवामान उघडलं. कोल्हापूरकडं आठवडाभर कोरडं.

"ढग येतायत म्हणे," मी म्हणाले.

"काळे का पांढरे?"

खोटं बोलायचं तर पुरतं बोलावं. मी म्हणाले, "काळे."

"आज्जे! काळे हायेत!" असं ओरडत ती फोन चालूच ठेवून पळाली. मी बराच वेळ त्यांच्या अंगणातल्या कोंबड्या ऐकत बसले.

खूण करायच्या रकान्यात पाच एजंटांची नावं होती. मी एकाही नावावर खूण केली नाही.

*

आमच्या कामाची गंमत अशी, की ते जितकं चांगलं होईल तितकं कमी होणार. मशीनची बाई शिकत गेली. 'हाय' शिकली. सून आणि गाय यांतला फरकही शिकली! दिवसभर खोलीत वाजणारे फोन हळूहळू चहाच्या वेळेला एखादा, असे झाले. वाजला की तिघंही एकदम हात घालायचो.

मग तिघांतला एक कमी करायचा ठरला. गोरख स्वतःच म्हणाला, "माझी बाग हाय. मी जातो."

शेवटच्या दिवशी डबा खाऊन झाल्यावर त्यानं आपल्या मोबाईलवरून आमचाच नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"बाई, माझ्याकडं एक गडी हाय. मानूस चांगला हाय, पन आता तेचं काम ऱ्हायलं न्हाई. तेला कुनाकडं पाठवू?"

मशीनची बाई म्हणाली, "कृपया प्रतीक्षा करा. तुमचा फोन आमच्या माणसाकडे देत आहे."

आणि गोरखच्याच टेबलावरचा फोन वाजला!

आम्ही हसून हसून बेजार. गोरखनं मात्र खुर्ची ओढली, हेडफोन लावला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "नमस्कार, मी गोरख बोलतोय. बोला."

मोबाईलमधून त्याचाच आवाज आला. "बोला."

मग शबानाताई उठून खिडकीशी गेल्या.

*

आणि हा शबानाताईंचा. गोरख गेल्यानंतरचा.

श्रीगोंद्याकडचे एक म्हातारबाबा. त्यांनी मशीनच्या बाईला सांगितलं, "हुलगा बिघडतोय." ती म्हणाली, पिकांकडं. पिकांच्या एजंटनं विचारलं, पेरणी कधी केली? बाबा म्हणाले, "पेरला न्हाई, शिजवला." मग त्यानं फोन परत केला, तिनं योजनांकडं दिला, आणि अखेर तो आमच्याकडं आला.

"माडगं करतोय बाई, हुलग्याचं. मालकीन करायची. ती गेली उन्हाळ्यात. तिच्यासारकं व्हईना."

माडगं म्हणजे हुलग्याच्या, कुळथाच्या पिठाची गूळ घातलेली पेज. शबानाताईंनी वही ओढली. "बाबा, हुलगे भाजता का दळायच्या आधी?"

"भाजतो की."

"गूळ कधी घालता?"

"शिजल्यावर."

"आधी घालून बघा. आणि सुंठ."

दोन दिवसांनी बाबांचा फोन. मशीनच्या बाईनं आता एक शब्दही न विचारता सरळ आमच्याकडं दिला. "न्हाई जमलं बाई."

शबानाताईंनी घरी स्वतः माडगं करून बघितलं. आईला विचारलं, शेजारणीला विचारलं. मलाही सोनईला आईकडं विचारायला लावलं. मग बाबांना सांगितलं, पितळी पातेलं घ्या, पीठ गार पाण्यात कालवा, चुलीवर ठेवा, गॅसवर नको. बाबांनी सगळं केलं. परत फोन. "चव तीच हाय बगा. पन तसं लागंना."

मग काही दिवस फोन आला नाही. शबानाताई रोज विचारायच्या, "बाबांचा आला का?"

एका सकाळी आला. आवाज ऐकूनच ताईंनी मला खुणेनं दुसरा हेडफोन लावायला सांगितलं.

"जमलं बाई! आक्षी तिच्यासारकं!"

"काय सांगता! काय घातलं बाबा?"

"कायबी न्हाई," बाबा म्हणाले. "दोन वाट्यांत वाढलं."