आंघोळीच्या पाण्यावरची भजी

"स्टार्टरचं काय केलंत, कांबळे?" बिराजदारसाहेबांनी स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं.

स्टार्टर म्हटल्यावर मला जीपच आठवली. म्हटलं, "ड्रायव्हरला विचारा की साहेब."

मी मुरुडकडच्या एका सरकारी रेस्ट हाऊसचा खानसामा. म्हणजे स्वयंपाकी, वाढपी आणि उशांच्या खोळी बदलणारा, तिन्ही एकच. बिराजदारसाहेब तिथले इंजिनिअर, माझे वरिष्ठ. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नव्या पाट्यांचा रंग ओला होता, बाकी ओलं म्हणावं असं काही नव्हतं. दुपारीच दिल्लीहून माथुरसाहेब दुष्काळ बघायला येऊन उतरले होते.

"जेवणाआधी खायचं चुरचुरीत म्हणजे स्टार्टर. त्यानं भूक चेतते," साहेबांनी समजावलं.

"आपल्याकडं ती चेतलेलीच हाय, साहेब."

"कोथिंबिरीची हिरवी चटणी करा. वर पुदिना पेरा. लातूरहून मागवतो."

"दुष्काळ बघायला आलेल्या माणसाम्होरं हिरवंगार ताट?"

साहेब घाबरले. "कांबळे, ताटात हिरवं काही दिसता कामा नये!"

आता आली पंचाईत. चव ठेवायची आणि हिरवं लपवायचं. मसाल्याच्या डब्यात जिरे, तीळ, ओवा, लसूण, सुकी मिरची होती. सुक्या मसाल्याला दुष्काळ नसतो. ज्वारीच्या पिठात तिखट-तीळ घालून तळहाताएवढे धपाटे थापले. कारळाची काळी चटणी लसणीबरोबर कुटली. पण गरम भज्याशिवाय कसली सुरुवात?

हिरवं म्हणावं असं आवारात एकच झाड होतं, पानओवा. न्हाणीघराच्या मोरीपाशी मीच लावलेला. जाड, लवदार पान. चुरगळलं की ओव्यासारखा वास. बेसनात हळद, तिखट, चिमूटभर हिंग टाकून पान बुडवायचं आणि कढत तेलात सोडायचं. पान आत, बेसन बाहेर. सरकारी हुकुमाचं पालन झालं.

संध्याकाळी व्हरांड्यात बशी ठेवली. माथुरसाहेबांनी पहिलं भजं मोडलं. वाफ निघाली, आणि आतलं हिरवं पानही दिसलं. बिराजदारसाहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की माझी बदली तिथंच झाली असावी.

"ये पत्ता ताज़ा है," माथुरसाहेब म्हणाले. "पानी कहाँ से मिला?"

बिराजदारसाहेब खोकले. मी खरं सांगून टाकलं. "नहाने का पानी है, साब. मोरी से जाता है. आज दोपहर में आपका भी गया."

त्यांचं चावणं थांबलं. मला वाटलं, आता बशी अंगणात जाणार. पण ते बशी हातात घेऊनच उठले आणि न्हाणीमागं गेले. आम्ही मागोमाग. झाड बघितलं. मोरी बघितली. उरलेलं भजं तोंडात टाकलं.

"और गाँव किस पानी से नहाता है?"

"नहीं नहाता, साब. टैंकर चार दिन में एक बार आता है. पीने को पुरता नहीं."

रोज त्याच गावातून मी कामावर यायचो. हे आधी कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम सडकेकडेची दुष्काळी कामं बघायचा होता. माथुरसाहेबांनी जीप गावातल्या टँकरच्या रांगेकडं वळवली. आमची शेजारीण भागाबाई तीन घागरी लावून उन्हात बसली होती. तिच्याशेजारी ते उकिडवे बसले. टँकर येईपर्यंत उठले नाहीत. तो आला दुपारनंतर, तोही अर्धा. त्याआधी बिराजदारसाहेबांनी घड्याळ दाखवलं, तर माथुरसाहेब म्हणाले, "बैठिए, आप भी."

महिनाभरात टँकर एक दिवसाआड येऊ लागला. आणि मला मेमो आला: "मोरीच्या पाण्यावरील वनस्पती पाहुण्यांस खाऊ घातल्याबद्दल लेखी खुलासा करावा."

मी लिहिलं: "पानं पिण्याच्या पाण्यात धुऊन घेतली होती. तेवढी उधळपट्टी माफ व्हावी."

त्या कागदावर पुढं कुणी काही लिहिलं नाही. नोकरीत मी एवढंच शिकलो: साहेबाला खरं सांगायचं तर तो गरम भजी खात असताना सांगावं. गार झालं की त्याची फाईल होते.