जयानं काढलेली गाणी

जया गेल्याचं कळलं तेव्हा मी सानपाड्याच्या मंडईत कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन उभा होतो. तिच्या धाकट्या भावाचा, किशोरचा, फोन होता. "ताई गेली... सकालीच. झोपेतच." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. तिचं आजारपण बरेच दिवस चाललेलं, त्यामुळे बातमी अचानक आली असं म्हणता येणार नाही. तरी कोथिंबीर तिथंच ठेवून मी रिकाम्या हातानं घरी आलो. त्याला आता दीडेक महिना झाला. या दिवसांत कुठकुठल्या रॉक बँडमधल्या मुलांनी तिच्याबद्दल लिहिलं, तिनं केलेली पोस्टरं आणि अल्बमची कव्हरं एकमेकांना पाठवली. त्यातल्या बऱ्याच जणांनी तिला कधी पाहिलेलंही नाही. मला वाटलं, ही चित्रं आली कुठून हे सुरुवातीपासून पाहिलेल्या कुणीतरी सांगावं.

कॉलेजात असताना आम्ही चौघांनी बँड काढला आणि खाडीकाठच्या दलदलीवरून त्याचं नाव 'खाजण' ठेवलं. मी ड्रम वाजवायचो. माझे वडील लातूरकडून येऊन इथं कारकुनी करत होते आणि मुलगा डबे बडवतो याचं त्यांना टेन्शन होतं. जुईनगरला एका गोदामात आमची प्रॅक्टिस चाले. पहिल्या मोठ्या कार्यक्रमासाठी पोस्टर हवं होतं, म्हणून आर्ट कॉलेजात शिकणाऱ्या जयाला कुणीतरी घेऊन आलं. आम्ही तिला ऐटीत सांगितलं, कवटी पाहिजे, ज्वाळा पाहिजेत. तिनं ते ऐकून घेतलं आणि आधी गाणी ऐकवा म्हणाली. उलट्या बादलीवर बसून तिनं आमची सगळी गाणी ऐकली. संपल्यावर विचारलं, "तुमच्यातला नक्की कोण चिडलाय?" आमचा गायक हळूच म्हणाला, मी. मग ती त्याच्याशीच बोलत बसली. घर, वडील, बंद पडलेली कंपनी असं काय काय तो सांगत राहिला. आम्हाला मित्र असून यातलं निम्मं ठाऊक नव्हतं.

चार दिवसांत तिनं स्क्रीन प्रिंट केलेली पोस्टरं आणली. कवटी नव्हती. भरती ओसरल्यावरचा खाडीचा काळा चिखल होता आणि गिटारची एक लालभडक वायर थेट त्या चिखलात खुपसलेली. बस्स. वाशीभर आम्ही ती चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर एकही जागेवर नाही. पोस्टरच नाहीत तर येणार कोण, म्हणून आयोजक आमच्यावर वैतागले. संध्याकाळी हॉल इतका भरला की पोरं खिडक्यांत बसली. पोस्टरं सगळी होस्टेलच्या खोल्यांत गेली होती, पोरांनी अलगद सोडवून नेलेली. जया मागच्या भिंतीला टेकून उभी होती आणि स्वतःशीच हसत होती. त्या दिवशी टाळ्या आम्हाला पडल्या, पण जिंकली ती होती, हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

ती उलव्याजवळच्या एका आगरी गावातली. घरात भाताचं आणि खाडीच्या मासळीचं काम, रॉक वगैरे शब्दही कुणी ऐकलेला नाही. आम्ही पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तेव्हा तिनं टेपवर आमचं गाणं लावलं. तिची आई, जिला आम्ही काकी म्हणायचो, कोलंबी सोलत होती. ती थोडा वेळ ऐकून म्हणाली, "यांना कनी मारलाय का? येवरे कनाला ओरडतान?" ही पोरं एवढी का ओरडतात, हे जया आईला नीट समजावून सांगायला बसली. काकींना पटलं की नाही कोण जाणे, पण जेवायला वाढताना त्यांनी आमच्या गायकाला माशाच्या दोन तुकड्या जास्त वाढल्या.

पुढं बंगळुरू, पुणे, शिलाँग... जिथून जिथून बँड तिला शोधत आले त्यांना तिची एकच अट असे. गाणी पूर्ण झाल्याशिवाय चित्र नाही. वादकांचे फोटो ती कव्हरवर घ्यायची नाही, तुमचे चेहरे स्टेजवर दिसतीलच म्हणायची. कॅसेट गेल्या, सीडी गेल्या, गाणी मोबाइलवर आली. कव्हरं आता कोण बघतंय म्हणून तिच्या बरोबरीच्या अनेकांनी जाहिरातींची कामं धरली. जया मात्र आणखी पेटली. चित्र नखाएवढं झालं तरी ओळखू आलं पाहिजे, असं म्हणत तिनं सगळी पद्धतच बदलली. रेषा कमी केल्या, रंग मोजके ठेवले. काही वर्षांनी रेकॉर्ड प्लेअरवरच्या मोठ्या तबकड्या पुन्हा निघायला लागल्या आणि तीच चित्रं मोठ्या आकारात भिंतींवर लागली.

याच काळात विमानतळासाठी जयाचं गाव उठलं. जया रोज जाऊन बघून यायची. घरं पाडून जमीन सपाट केली होती. त्यांच्या घराच्या दाराची चौकट तेवढी काही दिवस तशीच उभी राहिली होती.

नेमकं तेव्हाच एक परदेशी बँड नेरूळच्या स्टेडियममध्ये वाजवायला येणार होता. आमच्या पिढीनं ज्यांच्या कॅसेट झिजवल्या त्यांतला एक. पोस्टरचं काम जयाकडे आलं. आयुष्यभर ज्याची वाट पाहावी असं काम. तिनं चित्र दिलं ते असं: सपाट केलेली लाल माती, मधोमध एकटी चौकट, उंबरठ्यावर अजून हळदकुंकू, आणि चौकटीतून स्टेजवरच्यासारखा नारिंगी प्रकाश बाहेर सांडतोय. आयोजकांना ते कळेना. यात इंडिया कुठाय, हत्ती टाका, रिक्षा टाका, असं त्यांचं म्हणणं. जया म्हणाली, "हत्ती मी सर्कशीत बघितलाय. हे दार माझं आहे." किशोरनं तिला खूप समजावलं की असं काम परत येणार नाही. तिनं चित्रातली एक रेषही हलवली नाही. शेवटी त्यांनी हत्तीचं चित्र दुसऱ्याकडून करून घेतलं आणि मंजुरीसाठी बँडकडे धाडलं. तिकडून विचारणा झाली, दुसरं काही आहे का? आयोजकांच्या ऑफिसातल्या एका मुलीनं धीर करून जयाचं चित्र पाठवलं. उत्तर लगेच आलं. पोस्टर हेच, आणि स्टेजच्या मागचा पडदाही हाच.

कार्यक्रमाला जयानं काकींना आणलं होतं. नऊवारी, केसात अबोलीचा गजरा, आणि कानात मी दिलेला कापूस. दिवे गेले, ड्रम सुरू झाले आणि पडदा उजळला. स्टेडियमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या घराचं दार. हजारो लोक ओरडत होते. काकी उठून उभ्या राहिल्या. त्यांनी कानातला कापूस काढला, शेजारच्या अनोळखी मुलाचा दंड धरला आणि त्याला म्हणाल्या, "आमचा दार हाय तो." त्या पोराला कितपत कळलं ठाऊक नाही, पण त्यानं दोन्ही हात जोडले. जया पडद्याकडे बघतच नव्हती, ती आईकडे बघत होती. पुढं त्या बँडनं या दौऱ्याचा अल्बम काढला. त्याच्याही कव्हरवर तेच चित्र आहे.

एवढं नाव झाल्यावरही ती उलव्याच्या फ्लॅटमध्ये बसून नवख्या पोरांची कामं करत राहिली. आजारपणात बोटं सुजायची, तेव्हा रंग बाजूला ठेवून तिनं कागद कापून चित्रं केली. तिचं शेवटचं कव्हर 'खाजण'च्या पहिल्या अल्बमचं. हो, पहिल्याच! इतकी वर्षं आमची गाणी पूर्ण होत नव्हती आणि तिची अट मोडत नव्हती. शेवटी टक्कल पडल्यावर आम्ही चौघांनी गाणी पुरी केली. छापून आलेला नमुना मी तिच्या पलंगाशी नेला. निळा चुकलाय म्हणाली. पुन्हा छापून घेतला. खिडकीच्या उजेडात तिनं तो बराच वेळ तिरका धरून पाहिला आणि म्हणाली, "आता वाजवा."

गेल्या रविवारी उलव्याला गेलो होतो. जयाच्या खोलीत तिचा रेकॉर्ड प्लेअर आहे. किशोरनं सांगितलं की रोज सकाळी केर काढून झाला की आई तो लावते. काकींना वाचता येत नाही. त्या जमिनीवर बसून कव्हरं समोर मांडतात आणि चित्र बघून त्या दिवसाची तबकडी निवडतात. मी होतो तेव्हाही त्यांनी दोन-तीन बाजूला सारली आणि एक उचलून माझ्या हातात दिली. "यो लाव. यान सकालचा उजेड हाय." मी सुई टेकवली... ते शिलाँगच्या पोरांचं गाणं होतं, चांगलं दणदणीत. काकींनी आवाज आणखी थोडा वाढवायला सांगितला.